गाणं वाजवून झालं, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवी-नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने स्वातंत्र्यलढ्याच्या धड्याआधी एक गाजलेलं देशभक्तिपर गाणं वर्गात लावलं. मुलं खूश झाली, काहींनी सोबत म्हटलंही. मग पुस्तक उघडलं आणि वर्ग पुन्हा नेहमीसारखा थंड पडला. वर मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘तासाला गाणी कशाला?’ आता त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: सामाजिक शास्त्रांसाठी चालतील अशा गाण्यांची यादी, आणि ती वापरायची रीत.

मॅडम, नुसत्या यादीने तुमचं काम होणार नाही. गाण्याची निवड चुकली नव्हती. ते फक्त तोंडी लावायला आलं होतं, ऐकून झाल्यावर मुलांना त्याचं काही करायचंच नव्हतं. तेव्हा मी प्रश्न जरा फिरवून घेतो: गाणं हा पुरावा म्हणून वर्गात कसा आणायचा? ताम्रपट, जुनं पत्र, वर्तमानपत्राचं कात्रण, व्यंगचित्र ही साधनं आपण मुलांपुढे ठेवतो आणि विचारतो की हे कोणी, कधी, कोणासाठी केलं. गाण्यालाही तेच विचारायचं. शिवाय दोन जास्तीचे प्रश्न: ते लोकांपर्यंत पोचलं कसं आणि कोणाच्या परवानगीने? सरकारी ठराव कोणी अंघोळ करताना गुणगुणत नाही. गाणं गुणगुणतात, म्हणूनच त्या काळातल्या माणसांच्या कानावर काय पडत होतं हे त्यातून कळतं.

आता, परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हे आधीच सांगतो. तास पस्तीस मिनिटांचा असेल तर एकच गाणं, तेही पूर्ण नाही. वर्गात साठ मुलं आणि एक मोबाईल असेल तर शब्द फळ्यावर लिहिलेच पाहिजेत, मागच्या बाकांवर नुसता ठेका पोचतो. गाण्याची भाषा मुलांची नसेल तर निम्मा तास अर्थ सांगण्यात जाईल, तो हिशेब आधी करा. काही घरांत गाणी ऐकणं वर्ज्य असतं, काही मुलांना कमी ऐकू येतं, अशा मुलांना नुसत्या शब्दांवर काम करता आलं पाहिजे. आणि विषय ताजा, तापलेला असेल तर गाणं पेट्रोलचं काम करू शकतं. चालू निवडणुकीचं प्रचारगीत मी वर्गात कधी आणत नाही. जुन्या निवडणुकीचं चालतं, तिथे मुलांना कोणाची बाजू घ्यायची नसते.

रीत सांगण्यापेक्षा एक गाणं उलगडून दाखवतो, कारण तुमचा धडा स्वातंत्र्यलढ्याचाच आहे. ‘किस्मत’ हा चित्रपट १९४३ साली आला. त्यात कवी प्रदीप यांनी लिहिलेलं आणि अनिल बिस्वास यांनी संगीत दिलेलं ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ हे गाणं आहे. मी आधी काहीही न सांगता ते एकदा ऐकवतो. मग फळ्यावर फक्त वर्ष लिहितो आणि विचारतो, ‘या वर्षी देशात काय चाललं होतं?’ पुस्तकातून मुलं शोधून काढतात: आदल्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, बाकीचे नेते तुरुंगात. मग कोणीतरी विचारतंच, आणि नाही विचारलं तर आपण विचारायचं: इतकं सरळ ‘हिंदुस्तान आमचा आहे, बाजूला व्हा’ म्हणणारं गाणं ब्रिटिशांच्या सेन्सॉरने जाऊ कसं दिलं?

इथे घाईने उत्तर देऊ नका. मुलांना शब्दांकडे परत पाठवा. एका ओळीत जर्मन किंवा जपानी, कोणापुढेही झुकू नका असं आहे. ती सापडली की वर्गाचा आवाज बदलतो. महायुद्ध चालू आहे, रंगून १९४२ च्या मार्चमध्ये पडलंय, डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडलेत. कागदावर हे गाणं ब्रिटिशांच्या शत्रूंविरुद्धचं आहे. थिएटरात बसलेल्या माणसाला मात्र ‘दूर हटो’ कोणाला उद्देशून आहे हे सांगावं लागत नव्हतं. सेन्सॉरशिप म्हणजे काय, तिला वळसा कसा घातला जातो, एकाच वाक्याचे दोन श्रोते दोन अर्थ कसे लावतात, हे सगळं त्या एका ओळीतून निघतं. व्याख्या लिहून देऊन हे कळत नाही.

त्याच गाण्यात एक कडवं आहे, त्यात ताजमहाल, कुतुबमिनार, मंदिर, मशीद, गुरुद्वारा असे सगळे एकामागून एक येतात. मुस्लीम लीगचा लाहोरचा ठराव १९४० चा, म्हणजे फाळणीची मागणी तीन वर्षांपूर्वीच झालेली. त्या पार्श्वभूमीवर हा कवी देशाचं चित्र कसं रंगवतो आहे, आणि ही यादी त्याला का करावीशी वाटली असेल? या प्रश्नाचं एकच उत्तर नाही आणि ते बरंच आहे. काही मुलं म्हणतात, एकी होती म्हणून. काही म्हणतात, एकी तुटत होती म्हणून. दोन्ही बाजूंना मी एकच विचारतो: गाण्यातला कुठला शब्द तुझ्या बाजूने आहे, आणि पुस्तकातली कुठली घटना? ज्याला दोन्ही दाखवता येतात त्याचा मुद्दा फळ्यावर जातो.

पुढचा तास मिळत असेल तर याच कवीचं वीस वर्षांनंतरचं गाणं जोडीला घ्या. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हेही प्रदीप यांचंच, चाल सी. रामचंद्रांची, लता मंगेशकरांनी ते २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायलं. चीनशी युद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पहिल्या गाण्यात समूह आहे, ललकारी आहे. दुसरं एका आवाजात, संथ, शोक करणारं. मुलांना संगीताची परिभाषा येत नसली तरी हा फरक त्यांच्या कानाला चटकन कळतो, आणि ‘असं का?’ या प्रश्नातून १९४३ ते १९६३ मधली वीस वर्षं उभी राहतात. परक्यांना हुसकावणारा देश आता स्वतःच्या जवानांसाठी रडतो आहे. त्यात जवानांची ओळख करून देताना शीख, जाट, मराठा, गुरखा आणि मद्रासी असे उल्लेख आहेत. तिथे मी थांबतो. उत्तरेकडच्यांना वेगवेगळी नावं आणि सगळ्या दक्षिणेला मिळून एकच का? हा प्रश्न विचारल्याने गाण्याचा अपमान होत नाही. साधन वाचायचं म्हणजे हेच.

नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं ही गोष्ट मुलं घरून ऐकून आलेली असतात. ती नाकारू नका, पण विचारा: हे तुम्हाला कोणी सांगितलं, त्याला कोणी, आणि खात्री करायची तर कुठे पाहाल? गाजलेल्या गाण्यांभोवती आख्यायिका फार जमतात. आख्यायिका आणि नोंद वेगळी करायला शिकणं हाही इतिहासच.

आता दुसरी एक युक्ती, जी मला सगळ्यांत जास्त कामाला येते: ध्रुवपद आणि कडवी वेगळी करणं. लोकांच्या तोंडी ध्रुवपद राहतं, बोचरा मजकूर बहुधा कडव्यांत असतो. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ चं ‘बॉर्न इन द यूएसए’ घ्या. फक्त ध्रुवपद ऐकवा आणि विचारा, हे गाणं कशाचं? देशाभिमानाचं, असंच उत्तर येतं. मग कडव्यांचा अर्थ वाटून द्या. व्हिएतनामला पाठवलेला एक कामगार परत आलाय, त्याला काम मिळत नाही, सरकारी दारात कोणी दाद देत नाही, भाऊ युद्धातच गेला. आता तीच आरोळी कशी ऐकू येते? त्याच वर्षी निवडणूक प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाची तारीफ केली होती. त्यांनी या गाण्याचं नाव घेतलं नव्हतं, हेही मुलांना नीट सांगा, कारण लोक ते सर्रास मिसळतात. चर्चेचा प्रश्न असा: गाण्याचा अर्थ कोणाच्या मालकीचा? लिहिणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या, की व्यासपीठावरून त्याचा हवाला देणाऱ्याच्या? नागरिकशास्त्रात प्रचार आणि जनमत हा घटक असेल तर यापेक्षा सोपी सुरुवात मला माहीत नाही.

भूगोल आणि राज्यशास्त्र एकत्र घ्यायचं असेल तर अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड (तमाशातल्या गाण्याचा एक प्रकार) ‘माझी मैना गावावर राहिली’. अर्धी मुलं हिला प्रेमगीत समजतात, आणि सुरुवातीला ती आहेच. मुंबईत पोट भरायला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. इथे स्थलांतराचा धडा जोडा: तो का आला, ती का आली नाही, मुंबईत त्याला राहायला जागा होती का? मग छक्कड वळण घेते आणि मैनेची ताटातूट ही खंडित महाराष्ट्राची ताटातूट होते. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा ही नावं येतात. वर्गाला नकाशा द्या आणि चारही ठिकाणं शोधायला सांगा. बेळगाव, कारवार, निपाणी कर्नाटकात सापडतात. गोव्यापाशी मुलं अडखळतात, कारण संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं तेव्हा गोवा भारतातच नव्हता. पोर्तुगीज तिथून गेले ते १९६१ च्या डिसेंबरात. म्हणजे या मागणीत एक असा भाग आहे जो अजून दुसऱ्या देशाच्या ताब्यात आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, ते यातली चारही ठिकाणं वगळून. मागणी काय होती आणि मिळालं काय यातलं अंतर नकाशावर पेन्सिलीने दाखवता येतं. भाषावार प्रांतरचना हा घटक मुलांना कोरडा वाटतो तो नावांच्या याद्यांमुळे. इथे नाव तेच असतं, पण त्यामागे कोणाची तरी मैना असते.

आता एक सावधानतेचा मुद्दा, यावर मी जरा कडक आहे. गाणं म्हणजे ‘जनतेचा आवाज’ असं मुलांना सांगू नका. चित्रपटातलं गाणं एका पगारी किंवा मानधनावरच्या कवीने, एका पात्रासाठी, निर्मात्याच्या मागणीवरून लिहिलेलं असतं. लोकांना आवडलं याचा अर्थ लोकांचं तेच मत होतं असा होत नाही, चाल आवडली असेल. आणि ध्वनिमुद्रण कोणाचं झालं? ज्याच्यापर्यंत कंपनी पोचली त्याचं. जात्यावर गायलं गेलं, शेतात गायलं गेलं, ते बहुतेक तबकडीवर आलंच नाही. म्हणून प्रत्येक गाण्यानंतर मी एक प्रश्न ठेवतोच: या काळातला कोण माणूस या गाण्यात नाही? हा प्रश्न विसरलात तर तास रंगेल, पण शिकवणं अर्धं राहील.

कधी कधी गाण्यापेक्षा गाणं पोचवणारी यंत्रणाच धडा होते. बी. व्ही. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतं उथळ आहेत, लोकांची अभिरुची घडवायला हवी, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका) एका टूथपेस्टच्या नावाने ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला, निवेदक अमीन सयानी. श्रोते शेजारच्या देशाच्या स्टेशनवर गेले. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. सरकारने लोकांची आवड ठरवावी का? जाहिरातदाराने ठरवलेली चालेल का? सरहद्दीपलीकडून येणारा आवाज अडवता येतो का? मोबाईलवर वाढलेल्या मुलांना हे प्रश्न आजचेच वाटतात, आणि एकही गाणं न वाजवता हा तास घेता येतो. मुख्याध्यापकांना घाबरत असाल तर इथूनच सुरू करा!

आणि काही गाणी अशी आहेत की ती वयाप्रमाणेच द्यावीत. अमेरिकन गायिका बिली हॉलिडेने १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे त्यातलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला लटकावून मारण्याच्या प्रकारांवरचं हे गाणं. मूळ कविता एबल मीरोपोल यांची, ते न्यूयॉर्कमध्ये शाळेत शिक्षक होते, आणि ती आधी १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात छापून आली होती. हॉलिडेच्या नेहमीच्या मोठ्या कंपनीने हे मुद्रण करायला नकार दिला, ते एका छोट्या कंपनीकडे झालं. या हत्यांविरुद्ध अमेरिकेचा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. गाण्यापासून कायद्यापर्यंत त्र्याऐंशी वर्षं. अकरावी-बारावीला या मधल्या काळाची कालरेषा काढायला लावा, कायदे कसे अडतात ते कळेल. आठवीला हे देऊ नका. मोठ्यांनाही आधी सांगा की ऐकायला कठीण आहे, आणि ऐकून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, वहीत दोन ओळी लिहू द्या. गाणं ज्या गटावरच्या अन्यायाबद्दल आहे, त्या गटातल्या मुलांना ‘तुमचं काय मत?’ असं उभं करून विचारणं तर अजिबात नको. मग तो वंश असो, जात असो की धर्म.

तर इथवरचं थोडक्यात: एक गाणं, त्याला एक अडचणीचा प्रश्न, उत्तर शोधायला शब्द आणि पुस्तक दोन्ही, आणि शेवटी ‘यात कोण नाही?’. बाकी तंत्राच्या गोष्टी किरकोळ आहेत. दोनदा ऐकवा, पहिल्यांदा शब्दांशिवाय, दुसऱ्यांदा शब्द हातात घेऊन. मुलं लिहीत असताना मागे गाणं चालू ठेवू नका, ते ना ऐकलं जातं ना लिहिलं जातं. कडवी गटांत वाटून द्या. गाता येत नसेल तर काही बिघडत नाही, मला येत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून त्या काळातली गाणी तेवढीच. तंत्रज्ञानाने कलेला मापात कसं बसवलं याचं हे उदाहरण मुलांना फार आवडतं, जाता जाता सांगून टाका.

मुलांना आपापली गाणी आणू द्यावी का, हा प्रश्न पुढे येणारच आहे. द्यावी, पण पहिल्या दोन-तीन वेळा नाही. आधी तुम्ही निवडलेल्या गाण्यावर प्रश्न विचारायची सवय लागू द्या. नाहीतर ‘माझं गाणं भारी की तुझं’ एवढ्यावर तास संपतो. सवय लागली की गाणं आणणाऱ्यानेच पाच गोष्टी लिहून आणायच्या: कोणी केलं, कधी, पैसे कोणी घातले, कोणासाठी, आणि त्यातली कुठली गोष्ट पटत नाही. शेवटची सगळ्यांत अवघड. आपल्या लाडक्या गाण्यात न पटणारं शोधायला मुलांना जड जातं. शब्द तुम्ही आधी वाचून घ्या, हे सांगायला नको.

मुख्याध्यापकांच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नका, वह्या दाखवा. परीक्षेतही हे आणता येतं. मी असा प्रश्न देतो: गाण्यातल्या मजकुराचा सारांश, वर्ष आणि चित्रपट दिलेला, आणि खाली ‘यावरून १९४३ च्या भारताबद्दल कोणती दोन विधानं खात्रीने करता येतील, आणि कोणतं एक करता येणार नाही?’ असं. गुण तिसऱ्या भागाला जास्त. ‘सगळे भारतीय एक होते असं म्हणता येणार नाही, कारण हे एका माणसाने लिहिलेलं गाणं आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य जरी वहीत आलं, तरी त्या मुलाला साधन वाचता येऊ लागलं. अशा चार वह्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.

तुमच्यासाठी पहिलं पाऊल: जे गाणं लावून झालंय तेच पुन्हा घ्या, नवं शोधू नका. मुलांना ते आवडलेलं आहेच. या वेळी ते कधी आणि कोणत्या प्रसंगासाठी केलं गेलं हे आधी तुम्ही नक्की करून ठेवा, फळ्यावर फक्त वर्ष लिहा, आणि विचारा की हे गाणं तेव्हा कोणाला टोचलं असेल.